स्नोड्रॉपचे कंद कोरडे नकोत, पानांसकट घ्यावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंड प्रदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी कंदवर्गीय फुलझाडांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोन वेळा वाचला. ट्युलिप, नर्गिस आणि क्रोकस यांच्या लागवडीविषयी त्यात दिलेली माहिती बिनचूक आहे आणि ती सोप्या भाषेत दिल्याबद्दल लेखकांचे आभारच मानायला हवेत. मात्र त्याच यादीत स्नोड्रॉपचे नाव घालून ‘शरद ऋतूत कोरड्या कंदांचे पाकीट आणावे आणि ट्युलिपप्रमाणेच लावावे’ असा सल्ला दिला आहे. हा सल्ला ऐकून वाचकांनी कंद लावले, तर बहुतेकांच्या वाट्याला निराशा येईल, आणि दोष आपल्या हातांचा किंवा मातीचा आहे असे वाटून ते पुन्हा या फुलाच्या वाटेला जाणार नाहीत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हे फूल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्नोड्रॉप वीतभर उंचीचे असते. कांदा, लसूण आणि नर्गिस ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातले हे झाड. लिनियसने 1753 मध्ये त्याच्या प्रजातीला ‘गॅलॅन्थस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दूधफूल. दोन पानांमधून एक देठ वर येतो आणि त्याच्या टोकाशी एकच पांढरे फूल मान खाली घालून लोंबते. बाहेरच्या तीन पाकळ्या लांब असतात, आतल्या तीन आखूड, आणि त्या आतल्या पाकळ्यांच्या टोकाशी हिरवा ठसा असतो. उत्तर गोलार्धात जानेवारीपासून मार्चपर्यंत, बाकी सारी बाग झोपलेली असताना, ते उमलते. पानांची टोके कठीण असल्यामुळे ती गोठलेल्या मातीतून आणि बर्फातूनही वर येतात. कडाक्याच्या पहाटे सगळी फुले जमिनीवर आडवी पडलेली दिसतात, आता संपले असे वाटते, आणि ऊन वर आले की दुपारपर्यंत तीच फुले पुन्हा उभी राहतात. हे दरवर्षी पाहूनही मला त्याची सवय झालेली नाही.

माझी स्वतःची सुरुवात नेमकी आपल्या लेखात सांगितल्याप्रमाणेच झाली होती. एका दुकानातून मी पन्नास कंदांचे जाळीदार पाकीट आणले. कंद हरभऱ्याहून थोडे मोठे, तपकिरी आणि इतके हलके होते की हातात घेतल्यावर वजनच जाणवत नव्हते. अंगठ्याने दाबल्यावर काही कंद फोल शेंगेसारखे आत गेले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. सांगितलेल्या खोलीवर, सांगितलेल्या अंतरावर, पूर्ण श्रद्धेने मी ते लावले. त्या हिवाळ्यात सहा कंदांना पाने आली आणि फूल फक्त एक आले. वसंतात उरलेली जागा उकरून पाहिली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कंदाच्या जागी नुसता तपकिरी भुगा हाताला लागला. त्याच महिन्यात शेजारच्या एका वयस्कर बाईंनी त्यांच्या बागेतला एक पुंजका फावड्याने मातीसकट उचलला आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. पाने हिरवीगार होती, काही फुले नुकतीच कोमेजली होती. त्या म्हणाल्या, “आजच्या आज लावा, उद्यावर टाकू नका.” त्या पुंजक्यात अकरा कंद निघाले आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांतल्या नऊ कंदांना फुले आली. माती तीच होती, हातही तेच होते.

हा फरक का पडतो, हे समजून घेतले की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. ट्युलिप मुळात अशा डोंगराळ आणि गवताळ प्रदेशांतला आहे, जिथे उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. त्याच्या कंदाला घट्ट कागदी आवरण असते आणि काही महिने मातीबाहेर पडून राहणे हे त्याच्या स्वभावाला धरूनच असते. सर्वसामान्य स्नोड्रॉप, म्हणजे गॅलॅन्थस निवालिस, हा पिरेनीज पर्वतापासून युक्रेनपर्यंतच्या पानगळीच्या जंगलांतला आहे. तिथे उन्हाळ्यातही झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पानांच्या थराखाली माती थोडीफार ओलसर राहते. त्यामुळे या कंदाला जाड आवरणाची गरज कधी पडलीच नाही. त्याची साल पातळ असते आणि कंद लहान असल्यामुळे त्यातले पाणी फार लवकर उडून जाते. शिवाय मे-जूनमध्ये पाने वाळून गेल्यावर हा कंद फार काळ खऱ्या अर्थाने निजत नाही. वर काहीही दिसत नसले, तरी उन्हाळा संपता संपता त्याला नवी मुळे फुटू लागतात. आता विचार करावा, की उन्हाळ्याच्या सुरुवातीला उपटलेला, गोदामात, मग ट्रकमध्ये आणि मग दुकानाच्या ऊबदार फडताळावर राहिलेला कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या हाती येतो, तेव्हा त्यात काय उरलेले असेल? काही कंद तगतात, हे खरे आहे. विशेषतः गॅलॅन्थस एल्वेसी या मोठ्या कंदाच्या जातीत ते प्रमाण बरे असते. पण ज्याला निवालिस हवा आहे त्याने कोरड्या पाकिटावर भरवसा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

मग कंद घ्यावेत कसे? सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे कुंडीत वाढवलेली, फुलावर आलेली रोपे घेणे. आपण काय घेतो आहोत हे डोळ्यांनी दिसते, मुळे दुखावत नाहीत आणि मातीचा गोळा न फोडता ती तशीच जमिनीत ठेवता येतात. त्यानंतरचा मार्ग म्हणजे फुले संपत आली असताना पानांसकट उपटलेले कंद घेणे. अनेक रोपवाटिका फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा जुड्या बांधून पाठवतात. घेताना पाने ताठ आणि हिरवी आहेत ना, मुळे पांढरी आणि ओलसर आहेत ना आणि कंद दाबल्यावर टणक लागतो ना, एवढे पाहिले तरी पुरे. पाने पिवळी पडून लोळलेली असतील, तर ती जुडी बरेच दिवस वाटेत होती असे समजावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी, कारण जाणकारांमध्येही याविषयी मतभेद आहेत. पानांसकट उपटताना मुळे तुटतात, आणि स्नोड्रॉपचे तुटलेले मूळ पुन्हा फाटे फोडत नाही. त्या वर्षी कंदाला उरलेल्या मुळांवरच भागवावे लागते. म्हणून काही अनुभवी बागायतदार सांगतात, की पाने पूर्ण वाळल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी कंद काढून दोन-चार दिवसांत दुसरीकडे लावणे हेच सर्वांत उत्तम. मला हे पटते, आणि स्वतःच्या बागेतले कंद हलवायचे असतील तर मीही तसेच करते. परंतु हा ताजा काढलेला कंद आणि दुकानातला महिनोन् महिने वाळलेला कंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निजलेला कंद देणारी रोपवाटिका तो केव्हा काढला हे सांगत असेल आणि ओलसर भुशात किंवा मॉसमध्ये ठेवून पाठवत असेल, तर जरूर घ्यावा. ते सांगता येत नसेल तर घेऊ नये.

लावण्याची जागा निवडताना त्या जंगलाची आठवण ठेवावी. पानगळीच्या झाडाखालची किंवा झुडपाच्या पायाशी असलेली जागा उत्तम, कारण हिवाळ्यात तिथे ऊन पोचते आणि उन्हाळ्यात सावली पडते. माती भुसभुशीत, ओल धरणारी, पण पाणी साचू न देणारी असावी. चिकणमाती असेल तर पानकुजीचे खत भरपूर मिसळावे; ताजे शेणखत मात्र टाळावे. माती थोडी चुनखडीची असली तरी याला चालते. खोलीच्या बाबतीत कंदाच्या उंचीच्या तिप्पट हा नेहमीचा हिशेब इथेही लागू पडतो, म्हणजे साधारण आठ ते दहा सेंटीमीटर. आणि दोन कंदांत पाच ते आठ सेंटीमीटर अंतर ठेवावे. पानांसकट घेतलेल्या कंदाच्या बाबतीत पट्टीची गरजही पडत नाही. रोप हातात आडवे धरून पाहिले, तर देठाचा खालचा भाग पांढरट आणि वरचा हिरवा दिसतो. जिथे पांढरे संपून हिरवे सुरू होते, तिथपर्यंत ते रोप आधी मातीत होते. पुन्हा तेवढेच, किंवा बोटाच्या पेराएवढे जास्त खोल, ते जमिनीत जायला हवे. खड्डा अरुंद करून मुळे वर वळवून कोंबू नयेत. पुरेसा खोल खड्डा करून मुळे खाली सोडावीत, माती हलक्या हाताने दाबावी आणि लगेच पाणी द्यावे, भले वर पावसाचे ढग दाटलेले असोत. त्या दिवशी लावणे अशक्यच असेल, तर मुळे ओल्या कागदात गुंडाळून थंड, सावलीच्या जागी एखाद-दुसरा दिवस ठेवता येतात. त्याहून अधिक थांबू नये.

एकेक कंद दूरदूर लावण्यापेक्षा तीन-तीन, पाच-पाच कंदांचे पुंजके करावेत. फुले संपल्यावर पाने कापू नयेत, त्यांच्या गाठी मारू नयेत आणि गवतात लावले असतील तर पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत तिथे गवत कापण्याचे यंत्र फिरवू नये. पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांनी साठवलेल्या अन्नावरच येते. पहिल्या वर्षी फुले कमी आली, तर कंद उकरून पाहण्याचा मोह आवरावा. तीन-चार वर्षांत पुंजका दाट होतो, मग तो फोडून दुसरीकडे लावावा, आणि अर्धा कुणाला तरी द्यावा. या फुलाचा प्रसार बागेबागेतून प्रामुख्याने असाच झाला आहे. रानात हेच काम मुंग्या करतात: बियांच्या टोकाशी एक स्निग्ध गाठ असते, तिच्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात आणि बी भलतीकडेच रुजते. बियांपासून फूल येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्याला सबुरी हवी.

मात्र ज्या प्रदेशात खरा हिवाळा पडत नाही, तिथे हे झाड जमिनीत टिकत नाही, हेही लेखात स्पष्ट यायला हवे होते. कंदाला काही आठवडे सलग थंडी मिळाल्याशिवाय फूल नीट येत नाही आणि तापलेल्या कोरड्या उन्हाळी मातीत कंद कुजतो किंवा वाळतो. परदेशातून येताना नातेवाइकांसाठी सामानातून कंद आणण्याची कल्पना गोड वाटते खरी, पण तो कंद उष्ण प्रदेशात मरणार हे जवळजवळ ठरलेले असते, आणि परवान्याशिवाय तसे आणणे कायद्यातही बसत नाही.

या कायद्याविषयीच मला मुख्यतः सांगायचे आहे, कारण लेखात त्याचा उल्लेखही नाही. स्वस्त पाकिटातले कंद येतात कुठून, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. 1874 मध्ये हेन्री जॉन एल्वेस या इंग्रज बागप्रेमीला तुर्कस्तानात इझमिरजवळच्या डोंगरांत मोठ्या फुलाचा स्नोड्रॉप आढळला आणि त्याचेच नाव त्या जातीला मिळाले. पुढे शंभर वर्षांनी, 1980 च्या दशकात, त्याच देशातून दरवर्षी कोट्यवधी कंद डोंगरांतून खणून बाहेर पाठवले जात होते. ते कंद लागवडीतले नव्हते. रानातून उपटलेले होते. अखेर 1990 मध्ये गॅलॅन्थसच्या सर्व जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आल्या. याचा अर्थ व्यापारावर बंदी आली असा नाही. निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना असल्याशिवाय कंद सीमेपलीकडे नेता येत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. तुर्कस्तानाने वार्षिक मर्यादा ठरवल्या. टॉरस पर्वतातल्या काही गावांत लोकांनी रानातून खणण्याऐवजी स्वतःच्या शेतात कंद वाढवण्यास सुरुवात केली. जॉर्जियातून गॅलॅन्थस वोरोनोवी या चकचकीत हिरव्या पानांच्या जातीचे कंद असेच मर्यादा ठरवून निर्यात होतात, आणि ती मर्यादा अनेक वर्षे दीड कोटी कंदांची होती. या आकड्यावरून हा व्यवहार केवढा मोठा आहे याची कल्पना यावी.

परवान्याने, मर्यादेत राहून होणाऱ्या व्यापारातून डोंगरी गावांतल्या कुटुंबांना उत्पन्न मिळते, आणि ते बुडावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या कंदाला रानात फुलण्याएवढे वाढायला काही वर्षे लागली, तो उपटून, वाळवून, हजारो किलोमीटर आणून, त्यातला मोठा वाटा खरेदीदाराच्या मातीत मरून जावा, यात त्या रानाचेही नुकसान आहे आणि खरेदीदाराचेही. म्हणून पाकीट उचलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हे कंद लागवडीतून आलेले आहेत, की रानातून गोळा केलेले? चांगली रोपवाटिका याचे उत्तर सरळ देते. लेबलवर ‘लागवडीतून उत्पादित’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तर उत्तम. नुसते ‘अमुक देशात पॅक केलेले’ एवढ्याने काहीच कळत नाही, कारण पॅक करण्याचा देश आणि कंदाचा देश बहुधा वेगवेगळे असतात.

जातींच्या बाबतीत नवख्याने गोंधळून जाऊ नये. निवालिसपासून सुरुवात करावी. जागा जास्त उन्हाची किंवा माती जरा जड असेल, तर रुंद, राखाडी-हिरव्या पानांचा एल्वेसी घ्यावा. ‘एस. अरनॉट’ हा जुना वाण जोमदार आहे आणि थोड्या ऊबदार दुपारी त्याला मधासारखा वास येतो. दुहेरी पाकळ्यांचा ‘फ्लोरे प्लेनो’ बी धरत नाही, पण कंदांनी झपाट्याने पसरतो. शेकडो वाण उपलब्ध आहेत, आणि आतल्या पाकळीवरच्या ठशातल्या किंचित फरकासाठी जीव टाकणारे संग्राहकही आहेत. त्यांच्या आनंदाबद्दल मला आदर आहे, पण पहिल्या पुंजक्यासाठी त्याची आवश्यकता नाही.

आणखी दोन सूचना. हा कंद विषारी आहे. तो खाल्ल्यास मळमळ, उलट्या आणि जुलाब होतात. घरात लहान मुले असतील, तर स्वयंपाकघरातल्या कांद्यांशेजारी तो कधीही ठेवू नये आणि हाताळताना हातमोजे घालावेत. याच वनस्पतीत सापडणारे गॅलँटामिन हे द्रव्य अल्झायमरच्या उपचारात औषध म्हणून वापरले जाते, परंतु त्यावरून कुणी घरगुती प्रयोग करू नयेत. दुसरी सूचना रोगाची. वसंतात एखाद्या पुंजक्याची पाने खुरटी राहून त्यांवर करडी बुरशी चढलेली दिसली, तर तो पुंजका भोवतालच्या मातीसह काढून टाकावा, खताच्या खड्ड्यात घालू नये आणि त्या जागी काही वर्षे स्नोड्रॉप लावू नये. इंग्लंडमध्ये जेम्स ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकात उभा केलेला मोठा संग्रह या बुरशीने आणि कंद पोखरणाऱ्या नर्गिस-माशीने उद्ध्वस्त केला, ही जुनी नोंद बागप्रेमी अजून विसरलेले नाहीत.

संपादक महोदय, आपल्या सदराचा वाचकवर्ग मोठा आहे आणि अनेकजण त्यातला शब्द प्रमाण मानून खरेदी करतात. कोरड्या कंदांची पाकिटे शरद ऋतूत दुकानांत मांडली जातात. त्याआधी एखाद्या रविवारी, त्याच सदरात, स्नोड्रॉपपुरती दुरुस्ती प्रसिद्ध करावी अशी माझी विनंती आहे. फार मजकूर लागणार नाही: स्नोड्रॉप कुंडीतले किंवा पानांसकट घ्यावेत, हिवाळा सरताना घ्यावेत, आणल्या दिवशीच लावावेत, आणि ते लागवडीतले आहेत याची खात्री करून घ्यावी. जागा उरल्यास पांढऱ्या-हिरव्या देठाचे एक छायाचित्र छापावे, म्हणजे किती खोल लावायचे हा प्रश्न कुणाला पडणार नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक